सिनेमा-मालिका मतदाराला नेमकं काय शिकवतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो. वडील सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. एखादा ऐतिहासिक किंवा पोलिसांवरचा सिनेमा बघून आले की पुढचे आठ दिवस घरात राजकारण त्याच सुरात चालतं. बहीण म्हणते, या सिनेमांनी माणसांची डोकी फिरवलीत. मला वाटतं, ज्याला जे आधीच पटलेलं असतं तेच तो पडद्यावर बघतो. खरं काय? निवडणुकीच्या तोंडावर असे सिनेमे थांबवावेत का? आणि घरात काय करावं?

उत्तर:

मतदानापुरतं बोलायचं तर तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. एक सिनेमा बघून पक्ष बदललेला माणूस शोधायला निघालात तर बरंच फिरावं लागेल. बहिणीची काळजीही उगाच नाही. पण ती नायकाच्या भाषणात दोष शोधत असेल, तर भलत्याच जागी शोधतेय.

मी नाशिकमध्ये माध्यमं शिकवते. त्याआधी काही वर्षं मुंबईत मालिकांचे संवाद लिहिले. लिहिणारी म्हणून आणि शिकवणारी म्हणून जे बघितलं, त्यावरून माझं मत असं झालंय की गोष्ट आपल्याला 'कुणाला मत द्या' हे फारसं शिकवत नाही. सत्ता म्हटलं की डोळ्यांपुढे कोण उभं राहतं, काम कशाने होतं नि कशाने अडतं, आणि चारचौघांना काय चालतं, हे मात्र ती शिकवते. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की मग उमेदवार कुठल्याही पक्षाचा असो, तो त्याचा फायदा उठवू शकतो.

पहिल्या वर्षाच्या वर्गात मी एक साधा प्रकार करून घेते. वहीचं पान फाडायचं आणि फार विचार न करता 'न्यायाधीश' आणि 'सरपंच' यांचं चार-चार ओळींत वर्णन करायचं. न्यायाधीश दरवर्षी सारखाच निघतो: जाड भिंगांचा चष्मा, हातात लाकडी हातोडा, तोंडात 'ऑर्डर, ऑर्डर'. साक्षीदार गीतेवर हात ठेवून शपथ घेतो. मग आम्ही सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जातो. कोर्टाचं कामकाज खुलं असतं, मागच्या बाकावर शांतपणे बसायला कुणाची हरकत नसते. पट्टेवाला दारात उभा राहून पुकारा करतो. वकील 'माय लॉर्ड' म्हणत गरजत नाही, फाइल पुढे सरकवून हळू आवाजात तारीख मागतो. न्यायाधीश साक्ष सांगतात ती टंकलेखक टिपून घेतो, आणि पंख्याच्या घरघरीत त्यातलं अर्धं ऐकूच येत नाही. गेल्या खेपेला दिंडोरीकडचा एक मुलगा बराच वेळ न्यायासनाकडे टक लावून बसला होता. बाहेर आल्यावर त्याने पट्टेवाल्याला विचारलं, "हातोडा आज आणला नाही का?" पट्टेवाला म्हणाला, "तो पिक्चरमध्ये असतो, दादा."

आपल्याकडच्या कोर्टात हातोडा वापरतच नाहीत. गीतेवर हात ठेवायचीही पद्धत नाही. १९६९च्या शपथ कायद्यानुसार ईश्वराला स्मरून शपथ घ्यायची किंवा नुसती प्रतिज्ञा करायची, एवढंच. आता गंमत अशी की 'भारतातल्या कोर्टात हातोडा असतो' असं त्या मुलाला कुणीही, कधीही पटवून दिलेलं नव्हतं. कुठल्याही सिनेमाचा तो मुद्दा नव्हता. म्हणूनच तो इतका बिनबोभाट आत शिरला.

सरपंचाचं प्रकरण याहून गमतीचं. पानावर उतरतो तो झुबकेदार मिशांचा, पांढऱ्या कपड्यांतला, वाड्याच्या ओसरीवर बसून माणसं पाठवणारा. महाराष्ट्रात २०११मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या. म्हणजे आज वर्गात बसलेल्या बहुतेक मुलामुलींनी गावात किंवा शेजारच्या गावात बाई सरपंच झालेली बघितलेली असते. निफाडच्या एका मुलीनेही मिशा आणि जीपवालाच सरपंच लिहिला. तिची सख्खी चुलती त्या वेळी सरपंच होती. मी विचारलं तर ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही सरपंच विचारलात, काकू नाही विचारलीत."

असा सरपंच कोण तयार करतं? मालिका लिहिणाऱ्यांना एखादी विचारसरणी पेरायची असते असं बाहेरच्यांना वाटतं. अपवाद असतात, पण आमच्या खोलीत त्यावर कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. चर्चा असायची ती एपिसोडची. चॅनेलच्या क्रिएटिव्ह टीमकडून वनलाइन, म्हणजे भागाची थोडक्यात रूपरेषा, पास व्हायची, दुसऱ्या दिवशी शूटला पानं हवी असायची, आधी शूट करून ठेवलेल्या भागांची बँक संपत आलेली असायची. नायिकेसमोर अडथळा हवा, तोही याच आठवड्यात हवा. मग तिने पोलिसात तक्रार द्यायची आणि तिथल्या साहेबांनी ती घ्यायची नाही. तक्रार नोंदवून घेतली, पंचनामा केला, आरोपपत्र वेळेत दाखल केलं, तर आमचा ट्रॅक तिथेच संपला! तसाच नगरसेवक. वस्तीत राहणारा आणि हाताखाली माणसं असणारा खलनायक हवा, त्याचा पत्ता फार शोधावा लागत नाही. कोर्टाचा निकाल सणाच्या विशेष भागात लागला पाहिजे, म्हणून एका दिवसात लागतो. सोयीखातर केलेल्या या निवडी वर्षानुवर्षं, रोज रात्री, चाळीस घरांतून एकाच वेळी दिसत राहिल्या की त्यातून राज्यव्यवस्थेचं एक चित्र तयार होतं. ते कुणी ठरवून काढलेलं नसतं, त्यामुळे त्याला कुणी हरकतही घेत नाही.

जॉर्ज गर्बनर नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९६०च्या दशकाच्या शेवटी हीच दिशा पकडली होती. एक कार्यक्रम बघून काय होतं हे त्याने बाजूला ठेवलं आणि वर्षानुवर्षं भरपूर टीव्ही बघणाऱ्यांना जग कसं दिसतं, ते विचारलं. त्याचा निष्कर्ष असा की अशा लोकांना जग आहे त्यापेक्षा जास्त हिंसक आणि माणसं जास्त अविश्वासू वाटतात. त्यावर पुढे टीकाही भरपूर झाली, कारण घाबरट माणूसच घरात बसून जास्त टीव्ही बघत असेल, अशी शक्यता उरतेच. पण प्रश्न त्याने योग्य विचारला होता.

त्यानंतरच्या कामात मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते एलिझाबेथ पॅलक यांचं २००९मध्ये प्रसिद्ध झालेलं रवांडातलं संशोधन. १९९४च्या वंशसंहारात तिथे रेडिओने द्वेष पेटवला होता. त्याच देशात पुढे समेटावर बेतलेली एक रेडिओमालिका सुरू झाली. दोन काल्पनिक गावं, त्यांच्यातली भांडणं, पलीकडच्या गावातल्यांची प्रेमप्रकरणं, पुढाऱ्याला नाही म्हणणारी तरुण मुलं. पॅलक यांनी काही वस्त्यांना वर्षभर ही मालिका ऐकवली आणि काहींना आरोग्यावरची दुसरी मालिका. कुणाला काय ऐकवायचं, ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं तसं ठरवलं होतं. वर्षाने बघितलं तर लोकांच्या स्वतःच्या समजुती फारशा हललेल्या नव्हत्या. हललं होतं ते 'आपल्या लोकांत काय चालतं' याबद्दलचं मत. दुसऱ्या गटात लग्न करणं, मनाविरुद्ध घडतंय ते बोलून दाखवणं, हे आता चालण्यासारखं आहे असं त्यांना वाटू लागलं होतं, आणि वागणंही त्यानुसार थोडं बदललं होतं.

तुमच्या घरात आठ दिवस काय होतं ते आता याच्याशी ताडून बघा. वडिलांचं मत बहुधा आधीपासूनचं आहे, तिथे तुम्ही बरोबर आहात. पण तीनशे अनोळखी माणसांनी एका वाक्यावर शिट्ट्या वाजवल्या, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. जे आधी मनात होतं ते आता चारचौघांत बोलता येतं, हा त्यांनी थिएटरमधून आणलेला नवा माल आहे.

याची ताकद नाशिक जिल्ह्याने फार आधी ओळखली होती. २ मार्च १९३०ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि त्याच दशकात कसबे सुकेण्याचे भीमराव कर्डक आंबेडकरी जलसे घेऊन गावोगाव फिरत होते. तमाशाचा साचा घ्यायचा, त्यातला शृंगार गाळायचा आणि सावकार, पाणवठा, शिक्षण, व्यसन यांवर फार्स रचायचा. बाबासाहेबांनी कर्डकांच्या एका जलशाला आपल्या दहा सभांच्या बरोबरीचं मानलं, अशी आठवण चळवळीत आजही सांगतात. कारण उघड आहे. सभेत ऐकणारा एकेकटा ऐकतो. जलशात महाराचं पोर सावकाराला बिनतोड उत्तर देतं, सगळं मैदान हसतं, आणि त्या हसण्यात प्रत्येकाला कळतं की हे फक्त माझ्याच मनात नव्हतं. करमणुकीतून राजकारण म्हटलं की आपल्याला लगेच कुणीतरी कुणाला तरी भडकवतोय असं वाटतं. इथे ते माणसाला ताठ उभं करत होतं. साधन एकच.

न ठरवताही चांगलं घडतं. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी २००९मध्ये भारतातल्या खेड्यांत केबल आल्यावर काय झालं ते तपासलं. केबल आलेल्या गावांत नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्टही कमी झाला. त्या काळच्या मालिका आठवा: दागिन्यांनी मढलेल्या सासू-सुना आणि जिन्यावरची कारस्थानं! कुणीही समाजसुधारणेची मालिका लिहीत नव्हतं. पण त्यातल्या बायका घराबाहेर पडत होत्या, पैशांबद्दल बोलत होत्या, कधी नोकरीही करत होत्या. प्रेक्षक बायकांनी कारस्थान बघितलं आणि उचललं ते आजूबाजूचं.

याउलट, मुद्दाम शिकवायला गेलं की गोष्ट हातातून निसटते. दूरदर्शनवर १९८४मध्ये 'हम लोग' आली. कुटुंबनियोजन आणि स्त्रीचा दर्जा हे विषय त्यात आखून-रेखून घेतले होते, आणि भाग संपला की अशोककुमार येऊन चार शब्द समजावायचे. त्यातली भागवंती म्हणजे मुकाट सोसणारी आई. बायकांनी असं होऊ नये म्हणून ती रंगवली होती. अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं तेव्हा अनेकांना तीच आदर्श वाटत होती. अमेरिकेतही हेच झालं. वर्णद्वेष्ट्या बापाची टर उडवणारी एक विनोदी मालिका तिथे गाजत होती. १९७४मध्ये दोन मानसशास्त्रज्ञांनी तपासलं तर पूर्वग्रह असलेल्या प्रेक्षकांना तो बापच वादात जिंकतोय असं दिसत होतं. तुमचं 'पटतं तेच बघतो' हे म्हणणं इथे शंभर टक्के लागू पडतं: गोष्ट जिथे उघड वाद घालते, तिथे प्रेक्षक आपली बाजू घेऊन बसतो.

इंग्रज सरकारला हा फरक कळला होता का, अशी मला कधी कधी शंका येते. खाडिलकरांचं 'कीचकवध' हे नाटक १९०७चं. कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, द्रौपदी म्हणजे देश, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे पिटातल्या माणसालाही कळायचं. १९१०मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. पण त्याआधी, २१ डिसेंबर १९०९ला, नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या दिवशी रंगमंचावर होतं 'संगीत शारदा', म्हणजे म्हाताऱ्याशी कोवळ्या पोरीच्या लग्नावरचं नाटक. नाटकातून थेट गोळी सुटते हा हिशेब इतका कच्चा असतो. 'कीचकवधा'ने केलं ते वेगळं काम. केसरी वाचणाऱ्याला मत आधीच होतं. नाटकाने त्याला पात्रं वाटून दिली. पुढे कुठल्याही पुढाऱ्याने सबुरीची भाषा केली की तो आपोआप युधिष्ठिर व्हायचा. असं पात्र एकदा चिकटलं की त्या पुढाऱ्याचा युक्तिवाद कुणी ऐकून घेत नाही.

आता ऐतिहासिक सिनेमाकडे येते, कारण तुमच्या वडिलांचा मुख्य विषय तोच दिसतो.

संभाजी महाराजांची मराठी मनातली प्रतिमा गेल्या शंभर वर्षांत किती फिरली, ते बघण्यासारखं आहे. जुन्या नाटकांनी व्यसनी, बेबंद राजपुत्र रंगवला. वा. सी. बेंद्र्यांनी अस्सल कागदपत्रं धुंडाळून १९६०मध्ये चरित्र प्रसिद्ध केलं आणि त्या चित्राला धक्का दिला. कमल गोखल्यांचा ग्रंथ १९७१चा. हे वाचणारे किती? मधल्या काळात आपल्या नाशिकच्या वसंत कानेटकरांनी १९६२मध्ये 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधून बाप-लेकाच्या ताणातला संभाजी उभा केला. पुढे १९७९मध्ये शिवाजी सावंतांची 'छावा' कादंबरी आली, आणि २०१७पासून घरोघरी मालिका. संशोधकाने दिलेला दाखला सामान्य वाचकापर्यंत पोचायला नाटक-कादंबरी-मालिकांची एवढी मोठी रांग लागली. त्यातही पोचली ती व्यक्तिरेखा, दाखला नाही. जानेवारी २०१७मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठा नदीत टाकला, तो त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यास' नाटकातल्या चित्रणावरून. गडकरी जाऊन तेव्हा जवळपास शतक होत आलं होतं. एका काल्पनिक संभाजीने दुसऱ्या काल्पनिक संभाजीला हटवलं, आणि बेंद्रे बिचारे ग्रंथालयातच राहिले. (हे मी इतिहासाच्या प्राध्यापकांसमोर बोलले की ते नाराज होतात. होऊ देत.)

१४ फेब्रुवारी २०२५ला 'छावा' सिनेमा आला. मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीचा वाद तापला, १७ मार्चला नागपुरात दंगल झाली, आणि या सिनेमामुळे लोकांच्या औरंगजेबाविरुद्धच्या भावना तीव्र झाल्याचं मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं. तुमच्या बहिणीला हा पुरावा वाटेल. मी तो एवढ्यावर मान्य करणार नाही. नागपुरात त्या दिवशी संघटनांचं आंदोलन होतं, कबरीची प्रतिकृती जाळली गेली, मग धार्मिक मजकुराची चादर जाळल्याची अफवा पसरली. सिनेमा साऱ्या महाराष्ट्राने बघितला, नाशिकनेही बघितला. पेटलं ते जिथे पेटवणारी साखळी जुळली तिथे. सिनेमाने चित्र पुरवलं होतं, ताजं आणि रक्ताळलेलं. ते कुठे आणि कुणाविरुद्ध वापरायचं, हे दुसऱ्यांनी ठरवलं.

त्याच महिन्यात मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडच्या शेतांत लोक रात्री टॉर्च आणि धातुशोधक यंत्रं घेऊन सोनं खणत होते. मुघलांच्या खजिन्याची अफवा होती, आणि बुऱ्हाणपूर नुकतंच पडद्यावर झळकलं होतं. हसू नका. कोर्टातला हातोडा शोधणारा आमचा विद्यार्थी आणि हे सोनं खणणारे एकाच जातकुळीचे आहेत. सिनेमाचा मुद्दा काय यावर घराघरांत वाद झाले असतील, तपशिलावर कुणीच वाद घातला नाही.

पोलिसांच्या सिनेमांची मला यापेक्षा जास्त काळजी वाटते, कारण त्यात जात-धर्म आडवे येत नाहीत आणि सगळ्या पक्षांचे लोक एकत्र टाळ्या वाजवतात. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल सप्टेंबर २०२३मध्ये 'सिंघम'सारख्या सिनेमांबद्दल बोलले होते. अशा सिनेमांत न्यायाधीश भित्रे आणि गबाळे दाखवतात, पोलीस एकटा न्याय करतो, आणि हा संदेश घातक आहे, असा त्यांचा रोख होता. डिसेंबर २०१९मध्ये हैदराबादला बलात्कार-खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी चकमकीत मारले गेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. पुढे न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने २०२२मध्ये सांगितलं की गोळ्या जिवे मारण्याच्या हेतूनेच झाडल्या होत्या. त्या अहवालावर तुमच्या गल्लीत कुणी चर्चा केली? फुलं उधळणाऱ्यांना सिनेमाने पाठवलं असं मी म्हणत नाही. खटले रखडतात हा अनुभव खरा आहे, राग खरा आहे. त्या रागाला बाहेर पडायला एकच दार आहे, आणि कायदा म्हणजे त्या दारातली अडगळ, एवढी शिकवण मात्र पडद्याची.

कॅल्व्हर्ट जोन्स आणि सीलिया पॅरिस या दोघींनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेलं काम इथे जोडून वाचावं. जुलमी राजवटीविरुद्ध तरुण बंड करतात अशा काल्पनिक भविष्यकथा त्यांनी काही लोकांना दाखवल्या-वाचायला दिल्या. त्यानंतर ते लोक टोकाच्या, अगदी हिंसक राजकीय कृतीचंही समर्थन करायला जास्त तयार झाले. नुसत्या मारधाडीच्या सिनेमाने तसं झालं नाही. म्हणजे रक्त किती सांडलं याला महत्त्व नाही, ते कुठल्या कारणासाठी सांडलं हे गोष्टीने कसं जुळवलंय त्याला आहे. सेन्सॉरवाले मात्र रक्तच मोजत बसतात.

कृतीचा नमुना सिनेमा देतो हे एरवीही दिसतं. २००६च्या जानेवारीत 'रंग दे बसंती' आला, फेब्रुवारीत जेसिका लाल खून खटल्यात आरोपी सुटले, आणि दिल्लीत लोक इंडिया गेटला मेणबत्त्या घेऊन उभे राहिले, सिनेमात दाखवलं होतं तसे. आता आपल्याकडे तालुक्याच्या गावीही मेणबत्ती मोर्चा निघतो आणि हे कुठून आलं ते कुणाला आठवत नाही.

नटांनी निवडणुका जिंकणं हा यातला सगळ्यात ढोबळ प्रकार, त्यावर थोडक्यातच सांगते. 'रामायणा'तल्या सीता आणि रावण, दोघंही १९९१मध्ये एकाच पक्षातर्फे लोकसभेवर गेले. रावणही निवडून आला, म्हणजे लोकांनी रामभक्तीपोटी मत दिलं हे स्पष्टीकरण अपुरं आहे. ओळखीचा चेहरा आणि त्यामागची पक्षाची लाट, असं ते गणित. २०१९मध्ये शिरूरला अमोल कोल्हे निवडून आले तेव्हा त्यांची संभाजी महाराजांवरची मालिका सुरूच होती. तिथेही मालिकेने दार उघडून दिलं असेल, पण बूथवरची माणसं पक्षाची होती.

निवडणुकीच्या तोंडावर बंदी? निवडणूक आयोगाने १० एप्रिल २०१९ला पंतप्रधानांवरचा चरित्रपट मतदान संपेपर्यंत रोखला होता. तो निकालानंतर, २४ मेला प्रदर्शित झाला. उघड प्रचारपट असेल तर आचारसंहितेत तो रोखणं मला पटतं, कारण ती जाहिरात आहे आणि तिचा खर्च कुणाच्या खात्यात पडत नाही. पण त्यापलीकडे बंदीचा उपयोग शून्य. मार्कुस अपेल आणि टोबियास रिश्टर यांनी २००७मध्ये दाखवलं की गोष्टीत पेरलेल्या चुकीच्या विधानांवरचा विश्वास वाचल्या दिवसापेक्षा दोन आठवड्यांनी जास्त असतो. विधान लक्षात राहतं, ते गोष्टीतलं होतं हे विसरलं जातं. जो परिणाम आठवड्यांत मुरतो आणि वर्षानुवर्षं साचतो, तो मतदानाच्या आदल्या पंधरवड्यात कसा रोखणार?

घरात काय करायचं ते याच निष्कर्षावरून ठरवा. सिनेमाच्या मुद्द्यावर वडिलांशी वाद घालू नका, तिथे ते बाजू घेऊन तयारच असतील. 'हे खोटं दाखवलंय' असं थिएटरच्या पार्किंगमध्येच सांगायला गेलात, तर सिनेमाचा अपमान तो त्यांचा अपमान होईल. दोन-तीन दिवसांनी ते एखादी गोष्ट ठामपणे बोलतील, तेव्हा साधं विचारा, "बाबा, हे त्या पिक्चरमध्ये होतं ना? कुठल्या सीनला?" विसरत चाललेला उगम तेवढ्याने परत जागेवर येतो. ते बहुतेक वेळा मोकळेपणाने सांगतात, कारण प्रश्न मतावर नसतो, सिनेमावर असतो. आणि शक्य तेव्हा पात्राच्या जागी ओळखीचं माणूस आणून ठेवा. सातपूरच्या कारखान्यात त्यांनी युनियनची बोलणी बघितली असतील, कामगार न्यायालयाच्या तारखा केल्या असतील. तिथलं कामकाज कसं चालायचं हे त्यांना विचारा. पडद्यावरच्या कोर्टापेक्षा हे त्यांना जास्त ठाऊक आहे, फक्त ते राजकारणावर बोलताना आठवत नाही, निफाडच्या मुलीला काकू आठवली नाही तसंच.

एक राहिलं. तुम्ही वडिलांबद्दल विचारलंत. तुमच्या वयाची, वेबसीरिज बघणारी मुलं माझ्या वर्गात असतात आणि ती स्वतःला यातून सूट देतात. त्यांच्या पानावरचा राजकारणी मिशांचा नसतो. तो थंड डोक्याचा, इंग्रजी बोलणारा, फोनवर सौदे करणारा असतो, आणि खाली एक ओळ ठरलेली: सगळे सारखेच. १९७९च्या 'सिंहासन' सिनेमापासून राजकारण म्हणजे खुर्चीचा खेळ हे आपण इतक्या उत्तम कलाकृतींमधून बघत आलो की ते आपल्याला मत वाटतच नाही, अनुभव वाटतो. नाशिक महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२मध्ये संपली. पुढे निवडणूक वर्षानुवर्षं लांबत गेली आणि शहराचा कारभार प्रशासकाकडे राहिला. पाणीपट्टी, रस्ते, सिंहस्थाची तयारी, सगळं निवडून आलेल्या माणसांशिवाय ठरत होतं. त्यावर मोर्चा काढावा असं माझ्या वर्गातल्या कुणालाही वाटलं नाही. मी कारण विचारलं तेव्हा एकीने खांदे उडवले आणि म्हणाली, "नगरसेवक असून तरी काय करतात?" तिला तिच्या प्रभागातल्या माजी नगरसेवकाचं नाव सांगता आलं नाही. तुम्हाला तुमच्या प्रभागातल्याचं येतं का, ते वडिलांशी बोलायच्या आधी बघून घ्या.